एक माणूस, एक कार्ड

कॉम्प्युटर शाखेत आल्यावर आपल्याला बॅबेज भेटतो, ट्युरिंग भेटतो, आणि व्हायव्हाला फॉन न्यूमन तर हमखास भेटतो. हर्मन हॉलरिथ हे नाव मात्र पुस्तकात एका ओळीत येतं. पंच कार्ड मशीन बनवणारे गृहस्थ, एक मार्क, संपलं. मीही ते तेवढंच पाठ केलं होतं. पण मध्यंतरी त्यांचं चरित्र वाचायला घेतलं आणि रात्री मेस बंद झाली तरी खाली ठेववेना. कारण हा माणूस आयुष्यभर जे करत होता तेच काम आज मोठमोठ्या ऑफिसांच्या सर्व्हर रूममध्ये शनिवार-रविवारी रात्री जागून केलं जातं. अवाढव्य डेटा जुन्या रूपातून नव्या रूपात न्यायचा, लवकर न्यायचा आणि काहीही न हरवता न्यायचा. यातलं शेवटचं किती अवघड असतं ते लेखाच्या शेवटी कळेल.

हर्मनचा जन्म २९ फेब्रुवारी १८६० रोजी अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील बफेलो गावी झाला. आईवडील जर्मनीहून आलेले, वडील शिक्षक. लीप वर्ष ओळखायचा प्रोग्राम आपण सर्वांनी लिहिला आहे, त्यातली शंभरने भाग जाण्याची अट आठवते ना? १९०० हे लीप वर्ष नव्हते, त्यामुळे १८९६ नंतर या माणसाचा खरा वाढदिवस थेट १९०४ साली आला!

शाळेत हर्मन हुशार होता, पण स्पेलिंग म्हटले की त्याची गाळण उडे. असं सांगतात की स्पेलिंगचा तास चुकवायला त्याने एकदा वर्गाच्या खिडकीतून उडी मारून पळ काढला. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले आहे. दर शुक्रवारी होणारी डिक्टेशन टेस्ट अनुभवलेल्या कुणालाही या मुलाबद्दल लगेच माया वाटेल. शेवटी घरच्यांनी त्याला शाळेतून काढले आणि एका लूथरन धर्मगुरूंकडे खासगी शिकवणी लावली. पुढे तो कोलंबिया विद्यापीठाच्या स्कूल ऑफ माइन्समध्ये दाखल झाला आणि १८७९ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, खाण अभियंता होऊन बाहेर पडला. म्हणजे आपण टीई-बीईच्या मध्ये लटकत असतो त्या वयात हॉलरिथ इंजिनिअर झालेले होते.

त्यांचे एक प्राध्यापक ट्रोब्रिज हे अमेरिकेच्या १८८० च्या जनगणनेचे काम पाहत होते. त्यांनी हॉलरिथना मदतीला घेतले. कॅम्पस इंटरव्ह्यू नाही, ऍप्टिट्यूड टेस्ट नाही, सरांनी बोलावले आणि पोरगा गेला. वॉशिंग्टनला पोचल्यावर त्यांनी जे पाहिले त्यावर त्यांचे पुढचे सगळे आयुष्य उभे राहिले.

खानेसुमारीचे तक्ते देशभरातून गोळा होऊन आले होते. जवळपास पाच कोटी माणसे! त्यांचे वय, लिंग, जन्मस्थान, धंदा, सगळे हाताने लिहिलेले. मग शेकडो कारकून ते तक्ते वाचत आणि मोठ्या कागदावर उभ्या रेघा मारून मोजत. एक प्रश्न विचारला की सगळे तक्ते पहिल्यापासून वाचायचे. दुसरा प्रश्न विचारला की पुन्हा पहिल्यापासून. आपल्या भाषेत, प्रत्येक क्वेरीला पूर्ण टेबल स्कॅन आणि तोही डोळ्यांनी. १८८० चे हे काम जवळजवळ पुढच्या जनगणनेपर्यंत रेंगाळले. लोकसंख्या तर वाढतच होती. असेच चालले असते तर एक मोजणी संपायच्या आत दुसरी येऊन डोक्यावर बसली असती.

तिथे जन्ममृत्यूच्या आकडेवारीचे प्रमुख होते डॉ. जॉन शॉ बिलिंग्ज. एका रविवारी हॉलरिथ त्यांच्या घरी जेवायला गेले असताना डॉक्टरसाहेबांनी विषय काढला, की हे मोजायचे काम एखाद्या यंत्राने का होऊ नये? बोलून डॉक्टरसाहेब मोकळे झाले, हॉलरिथ मात्र अडकले ते कायमचे.

१८८२ मध्ये ते एमआयटीत शिकवायला गेले. वर्षभर मेकॅनिकल शिकवले आणि सोडून दिले. काही काळ सेंट लुईसला रेल्वेच्या ब्रेकवर प्रयोग केले. मग पेटंट ऑफिसात परीक्षकाची नोकरी धरली. वरवर पाहता हा माणूस नुसता भटकत होता असे वाटेल. पण पेटंट ऑफिसात त्यांना शोधाचे कागद कसे बांधायचे ते नीट कळले, आणि सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी आपला पहिला अर्ज दाखल केला.

गंमत म्हणजे त्या पहिल्या अर्जात कार्ड नव्हतेच! कागदाची लांबलचक पट्टी होती. पट्टीवर भोके पाडायची, पट्टी यंत्रातून ओढायची, भोक आले की विजेचे सर्किट पूर्ण होऊन आकडा एकाने पुढे सरकणार. चालत होते ते. पण पट्टीत मधल्याच एका माणसाची माहिती हवी असली तर सगळी पट्टी उलगडत बसावी लागे. डेटा स्ट्रक्चरच्या तासाला सिक्वेन्शियल ऍक्सेस म्हणून शिकतो तोच हा त्रास. हॉलरिथनी हा दोष ओळखला आणि आपलाच फॉरमॅट मोडीत काढला. पट्टी गेली, कार्ड आले. एक माणूस, एक कार्ड. आता माणसे वेगळी करता येऊ लागली, गठ्ठे लावता येऊ लागले, चुकीचे एक कार्ड काढून बरोबरचे घालता येऊ लागले. मला विचाराल तर त्यांच्या आयुष्यातला सर्वात मोठा निर्णय हाच. आज आपण ज्याला रेकॉर्ड म्हणतो त्याचे हे मूळ रूप.

भोकांची युक्ती त्यांना रेल्वेत सुचली असे म्हणतात. त्यावेळी तिकिटावर प्रवाशाचे वर्णन भोके पाडून नोंदवायची पद्धत होती. केस कसे, डोळे कसे, नाक मोठे की लहान, कंडक्टर चिमट्याने टकाटक भोके पाडायचा, म्हणजे एकाचे तिकीट दुसऱ्याला वापरता येऊ नये. हॉलरिथना त्यात आपली खानेसुमारी दिसली.

पहिला मोठा प्रयोग बाल्टिमोर शहराच्या मृत्यूनोंदींवर झाला. हॉलरिथनी कंडक्टरचाच चिमटा घेतला आणि हजारो कार्डे स्वतः हाताने पंच केली. हात इतका भरून आला की हलवता येईना. शिवाय चिमटा कार्डाच्या कडेपर्यंतच पोचे, मधली जागा फुकट जाई. या दुखऱ्या हाताने त्यांना एक गोष्ट शिकवली. मोजणारे यंत्र कितीही झकास असो, जुन्या कागदावरची माहिती नव्या कार्डावर आणणे हेच खरे ओझे आहे. मग त्यांनी पँटोग्राफ पंच बनवला. समोर मोठ्या भोकांची पाटी, त्यातल्या हव्या त्या भोकात दांडी दाबली की मागे कार्डावर नेमक्या जागी छिद्र पडणार, आणि तेही कार्डाच्या कुठल्याही भागात. गावाचा-वस्तीचा क्रमांक एका गठ्ठ्यात सगळ्यांचा सारखाच असतो, तो दर कार्डावर पुन्हा पुन्हा कशाला पाडायचा? त्यासाठी वेगळा पंच बनवला, त्यात एका फटक्यात अनेक कार्डांवर तीच भोके पडत.

१८९० ची जनगणना तोंडावर आली तेव्हा सरकारने स्पर्धा लावली. उमेदवार तीन. एकाची पद्धत रंगीत शाईच्या चिठ्ठ्यांची, दुसऱ्याची रंगीत कार्डांची, तिसरे आपले हॉलरिथ. सेंट लुईस शहराच्या चार भागांतील १०,४९१ माणसांची माहिती तिघांनाही दिली. माहिती उतरवून घ्यायला सर्वात संथ पद्धतीला सुमारे १४४.५ तास लागले, हॉलरिथना ७२.५ तास. नंतर मोजणीला इतर दोघांना सुमारे ४४.५ आणि ५५.५ तास लागले, हॉलरिथना फक्त ५.५!

हे आकडे पुस्तकांत असतात आणि सगळे त्यातल्या ५.५ वर खूश होतात. मी कॅल्क्युलेटर काढला. ७२.५ अधिक ५.५ म्हणजे ७८ तास. त्यातला जवळपास ९३ टक्के वेळ मोजण्यात नाही, तर नव्या फॉरमॅटमध्ये माहिती नेण्यात गेला होता! मोजणी दहापट वेगवान केली तरी एकूण वेळात फारसा फरक पडला नसता. ते जिंकले याचे मोठे कारण म्हणजे त्यांनी ७२.५ तासांवर घाम गाळला होता.

हे मला एवढं भिडायचं कारण सांगते. गेल्या सुट्टीत मी एका कारखान्यात ट्रेनिंगला होते. तिथे आयबीएमच्या एएस/४०० घराण्याचं मशीन आहे. ही मिडरेंज मशिनं, म्हणजे मेनफ्रेमपेक्षा लहान आणि आपल्या पीसीपेक्षा कितीतरी मोठी. तिथली कोटीभर रेकॉर्डची एक फाइल नव्या फॉरमॅटमध्ये न्यायची होती. एक रकाना रुंद करायचा, तारखेचा प्रकार बदलायचा, बस्स. ऐकायला पाच मिनिटांचं काम. पण एक रेकॉर्ड वाचा, बदला, लिहा असा साधा प्रोग्राम फिरवला तर सुट्टीचे दोन दिवस पुरणार नव्हते. तिथल्या सरांनी काय केलं ते बघण्यासारखं होतं. रेकॉर्ड एकेक न उचलता मोठ्या ब्लॉकने उचलले. फाइलवर बांधलेले सगळे इंडेक्स आधी उतरवले आणि डेटा भरून झाल्यावर पुन्हा बांधले, नाहीतर दर रेकॉर्डमागे प्रत्येक इंडेक्स दुरुस्त होत बसतो. रेकॉर्ड क्रमांकाप्रमाणे फाइलचे तुकडे पाडून चार-पाच जॉब एकदम सोडले. जुन्या वर्षांचा, आता न बदलणारा डेटा आदल्या आठवड्यातच हलवून ठेवला, सुट्टीसाठी फक्त ताजा भाग ठेवला. आणि हे सगळं पूर्ण बॅकअप टेपवर गेल्यावरच.

आता हॉलरिथकडे पाहा. सारखा असणारा क्रमांक एका फटक्यात पंच करणे म्हणजे गठ्ठ्याने काम. वस्तीवार तक्ते वाटून शेकडो कारकुनांनी एकाच वेळी पंचिंग करणे म्हणजे समांतर जॉब. शंभराहून जास्त वर्षं झाली, युक्त्या त्याच!

१८९० मध्ये ही पद्धत देशभर वापरली गेली. कार्डावर २४ उभ्या आणि १२ आडव्या ओळी, म्हणजे २८८ जागा. एक कोपरा कापलेला, म्हणजे गठ्ठ्यात एखादे कार्ड उलटे गेले तर लगेच दिसावे. कारकून कार्ड यंत्रात ठेवून हँडल खाली ओढे. स्प्रिंगच्या टाचण्या कार्डावर दाबल्या जात. भोक असेल तिथली टाचणी आरपार जाऊन खालच्या पाऱ्याच्या वाटीत बुडे, सर्किट पूर्ण होई आणि समोरच्या ४० तबकड्यांपैकी योग्य त्या तबकडीचा काटा सरके. रिले जोडून अटीही घालता येत. अमुक वयाचा आणि पुरुष आणि परदेशात जन्मलेला असेल तरच मोज, असे. आपण क्वेरीत व्हेअर लिहितो ते हॉलरिथ वायरने लिहीत होते. शेजारी कप्प्यांची पेटी असे. तिच्यातल्या नेमक्या कप्प्याचे झाकण आपोआप उघडे आणि कारकून कार्ड त्यात टाकी.

यात मला सर्वात आवडली ती घंटी. कार्ड नीट वाचले गेले तर घंटी वाजे. नाही वाजली तर कार्डात काहीतरी राहिले आहे, ते बाजूला काढून मूळ तक्त्याशी ताडायचे. एएस/४०० वर फाइलचा फॉरमॅट बदलून प्रोग्राम पुन्हा कंपाइल केला नाही, तर मशीन लेव्हल चेकची एरर देऊन फाइल उघडायलाच नकार देते. ट्रेनिंगमध्ये पहिल्यांदा त्या एररचा राग आला होता. आता वाटतं, ती घंटी आहे.

एकूण लोकसंख्येच्या आकड्यासाठी मात्र हॉलरिथनी कार्डांची वाट पाहिली नाही. नुसती बेरीज हवी तर एवढे रूपांतर कशाला? कुटुंबात माणसे किती तेवढे बटण दाबून नोंदवणारे वेगळे यंत्र त्यांनी दिले. वेगवेगळ्या कारकुनांकडून दोनदा मोजून काही आठवड्यांतच आकडा तयार झाला, ६ कोटी २६ लाख. लोकांना तो कमी वाटला, वर्तमानपत्रे चिडली, पण यंत्र बरोबर होते. त्याच १८९० साली हॉलरिथना कोलंबियाने पीएचडी दिली, फ्रँकलिन इन्स्टिट्यूटने पदक दिले आणि सप्टेंबरमध्ये लूशिया टॅलकॉट यांच्याशी त्यांचे लग्न झाले. इतकं सगळं एका वर्षात!

पण जनगणना दहा वर्षांतून एकदा येते, पोट रोज भरावे लागते. हॉलरिथ न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेकडे गेले. तिथे मालाच्या बिल्ट्यांचे ढीग असत. रेल्वेने यंत्रे घेऊन पाहिली आणि परत केली. कारण बिल्टीत माणसे मोजायची नव्हती, वजने आणि भाडी यांची बेरीज करायची होती. हॉलरिथ कर्जात बुडालेले, पण त्यांनी यंत्र नव्याने रचले, बेरीज करणारे बनवले आणि पुन्हा गेले. यावेळी रेल्वेने ठेवून घेतले. डिसेंबर १८९६ मध्ये त्यांनी टॅब्युलेटिंग मशीन कंपनी काढली. हळूहळू कार्डाचे रूपही बदलले. आधी प्रत्येक भोकाला स्वतःचा ठरलेला अर्थ होता, आता शून्य ते नऊ आकड्यांचे उभे रकाने आले. दोन रकाने यासाठी, पाच रकाने त्यासाठी. आपण ज्याला फील्ड म्हणतो ते इथे तयार झाले.

हॉलरिथ स्वभावाने सोपे नव्हते. यंत्रे ते विकत नसत, भाड्याने देत. भाड्यावरून जनगणना खात्याचे नवे प्रमुख नॉर्थ यांच्याशी त्यांचे बिनसले आणि १९०५ च्या सुमारास त्यांनी आपली यंत्रे उचलून नेली. खाते घाबरले नाही. त्यांनी जेम्स पॉवर्स नावाचा इंजिनिअर घेऊन स्वतःची यंत्रे बनवली आणि १९१० ची जनगणना त्यांवर केली. ज्या कामासाठी सगळे सुरू केले तेच काम हातचे गेले. इथे मला हॉलरिथची बाजू घेता येत नाही. सगळा डेटा आपल्याच कार्डांवर आहे म्हणून गिऱ्हाईक कुठे जाणार, हा हिशेब तेव्हाही चुकला आणि आजही अनेकांचा चुकतो.

१९११ मध्ये त्यांची कंपनी इतर कंपन्यांत विलीन झाली. त्यांना दहा लाख डॉलरहून जास्त मिळाले. पुढे थॉमस वॉटसन आले आणि १९२४ मध्ये त्या कंपनीचे नाव झाले आयबीएम. हॉलरिथ १९२१ पर्यंत सल्लागार होते, पण मन शेती, गायी आणि बोटीत रमलेले. १७ नोव्हेंबर १९२९ रोजी वॉशिंग्टनमध्ये त्यांचे निधन झाले. त्याच्या आदल्याच वर्षी आयबीएमने ८० रकान्यांचे कार्ड आणले होते, जे पुढे जगभर पसरले.

ते कार्ड आज कुणी वापरत नाही, पण गेलेले नाही. मिडरेंज मशीनवर चालणारी आरपीजी भाषा मुळात टॅब्युलेटिंग मशीनची नक्कल म्हणून निघाली. एक रेकॉर्ड वाच, हिशेब कर, गट बदलला की बेरीज छाप, असे तिचे जुने चक्र आहे. आणि एब्सिडिक कोडमध्ये आय आणि जे या अक्षरांमध्ये रिकामी जागा का, हा प्रश्न कधी पडलाय? कार्डावर एका अक्षरासाठी वरचे एक भोक आणि खाली एक ते नऊपैकी एक भोक असे. नऊ अक्षरे झाली की वरचे भोक बदले. ती खाच कोडमध्ये तशीच राहिली आहे.

आता ती शेवटची गोष्ट. १८९० च्या कार्डावर वय होते, लिंग होते, वंशाचे बारीक बारीक प्रकार होते, पण माणसाचे नाव नव्हते. मोजायला नाव लागत नाही. नाव मूळ तक्त्यावर होतेच. जानेवारी १९२१ मध्ये वॉशिंग्टनच्या वाणिज्य खात्याच्या इमारतीत आग लागली आणि तळघरातले १८९० चे बहुतेक तक्ते जळाले, भिजले. उरलेसुरलेही पुढे नष्ट करण्यात आले. सहा कोटींहून जास्त माणसांपैकी काही हजारांचीच नावे वाचली. आकडे आजही आहेत. आपले पणजोबा शोधणाऱ्या अमेरिकन माणसाला १८८० सापडते, १९०० सापडते, मधली वीस वर्षे कोरी.

ही चूक हॉलरिथची नव्हती. पण ज्याला रकाना दिला तेच पुढे गेले, हे त्यांच्या पद्धतीचे बळही होते आणि धोकाही. त्यांच्या मृत्यूनंतर, १९३३ मध्ये, जर्मनीत हिटलरच्या राजवटीतल्या जनगणनेत धर्माचा रकाना याच जातीच्या कार्डांवर पंच झाला. काय गाळायचे आणि काय नोंदवायचे हे यंत्र ठरवत नाही.

एएस/४०० वर फाइल कॉपी करण्याच्या कमांडला नवा फॉरमॅट सांगताना दोन शब्द देता येतात, मॅप आणि ड्रॉप. मॅप म्हणजे त्याच नावाचे रकाने जुळव. ड्रॉप म्हणजे नव्या फाइलमध्ये जागा नसलेले टाकून दे. मशीन ते निमूट टाकते, घंटी वाजत नाही. पुढे नोकरीत आपल्यापैकी अनेकांच्या वाट्याला हे काम येणार आहे. वेग आणायच्या युक्त्या कुणीही शिकवेल. ड्रॉप लिहिण्याआधी कुठले रकाने जाताहेत त्याची यादी मात्र आपणच करायची, आणि जुनी फाइल लगेच पुसायची नाही.

– तृतीय वर्ष, संगणक शाखा